जिंकलेला संघ मोडण्याची प्रथा बंद करा!



३१ मे आणि १ जून २०२५ या दोन दिवसांत मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा लिलाव पार पडला. त्याच्या अवघे पाच महिने आधी हरियाणाच्या संघाला विजेतेपद मिळवून देणारा आणि त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गौरवला गेलेला इराणी वीर मोहम्मदरेझा शादलुई या लिलावात २ कोटी २३ लाखांच्या बोलीवर गुजरातच्या संघाकडे वर्ग झाला. अंतिम सामन्यात हरलेल्या पाटण्याच्या संघाचा देवांक दलाल, ज्याने त्या एका हंगामात चढाईचे ३०१ गुण मिळवले होते, तो २ कोटी २० लाख ५० हजारांना बंगालकडे गेला. विजेत्याचा आधारस्तंभ गेला आणि उपविजेत्याचाही गेला. या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे १८०१, चढाईगुण ज्याच्या नावावर आहेत, त्या परदीप नरवालवर तर बारा संघांपैकी एकानेही बोली लावली नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली.

या बातमीने आपल्यापैकी कोण व्यथित झाला नाही, हे विचारण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना स्वतःचा संघ नाही, महाराष्ट्राच्या वाट्याचे दोन्ही संघ मुंबई आणि पुणे येथे आहेत, खेड्यातल्या मैदानाकडे कोणाचे लक्ष नाही, ही गाऱ्हाणी पारावर रोज निघतात आणि त्यांविषयी आपले एकमत आहे. प्रस्तुत पत्रकात त्यांचा ऊहापोह केलेला नाही. या पत्रकाचा रोख एकाच प्रथेवर आहे, आणि ती प्रथा म्हणजे हंगाम संपताच जमलेला, घडलेला, प्रसंगी जिंकलेला संघ मोडून त्यातील माणसे पुन्हा बोलीवर चढवण्याची.

आपण बीडकर पुण्याच्या संघाचे पाठीराखे झालो, त्यास सबळ कारण होते. शिक्षणासाठी आणि पोटासाठी आपल्याकडून घरटी एखादा माणूस पुण्याची वाट धरतो. शिवाय त्या संघात आपल्या मातीतली मुले होती. अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, आकाश शिंदे नाशिकचा. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इराणला ३३-२९ असे नमवून सुवर्णपदक पटकावणाऱ्या भारतीय चमूत हे दोघेही होते. हा संघ एका रात्रीत उभा राहिला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये तो प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढच्या हंगामात २ कोटी ३५ लाखांना आणलेल्या शादलुईने डावा कोपरा सांभाळला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पुण्याने आपले पहिले विजेतेपद मिळवले.

त्यानंतर जे घडले ते प्रत्येकाने पाठ करून ठेवावे इतके बोलके आहे. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या शादलुईला संघातून मुक्त करण्यात आले, आणि ऑगस्ट २०२४ च्या लिलावात, ज्या हरियाणाला आपण अंतिम सामन्यात हरवले होते त्याच हरियाणाने, २ कोटी ७ लाखांना त्याला घेतले. पुढच्या हंगामात पुण्याला पहिल्या सहा संघांतही स्थान मिळाले नाही. अस्लमची दुखापत हेही त्याचे एक कारण होते, हे मान्य. परंतु २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक उचलला तो पुण्याच्याच बालेवाडी संकुलात, आणि तो उचलणाऱ्या हातांत गतवर्षी पुण्यासाठी पकडी केलेले हातही होते. २०२५ च्या लिलावात हरियाणाच्या पाठीराख्यांवर तीच पाळी आली, आणि आपला आकाश शिंदे बंगळूरला गेला. पाटणा, पुणे, हरियाणा, गुजरात: चार हंगाम, चार संघ, आणि खेळाडू एकच, शादलुई. या क्रमातून संघनिष्ठेचा कोणता संस्कार लहान मुलांच्या मनावर होणार, हे या प्रथेच्या समर्थकांनी एकदा सांगावे.

कबड्डीत बचाव हा सात माणसांचा असतो. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने घोट्याला हात घातला, तर शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी, न विचारता आणि न पाहता, चढाईपटूच्या कमरेवर झेप घ्यावी लागते. साखळीतला एक हात अर्ध्या श्वासाने उशिरा आला, तर एका पकडीऐवजी समोरच्याला दोन-तीन गुण बहाल होतात. हे साहचर्य पैसे मोजून एका दुपारी विकत घेता येत नाही. ते शेकडो चढायांच्या सरावातून, एकत्र हरण्यातून आणि एकमेकांच्या चुका झाकण्यातून उत्पन्न होते, आणि ते उत्पन्न होऊ लागले की लिलावाचा हातोडा पडतो.

आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या एका व्यवहाराची चांगलीच ओळख आहे. दसरा उलटला की उचल घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्या उचलीने आपल्या पिढ्या पिळून काढल्या, तिचा पुळका येथे कोणालाही नाही. परंतु तोडणी, मोळी आणि भरणी यांत ज्या जोड्यांचा मेळ बसला आहे, ती टोळी मोडण्याचा मूर्खपणा कोणताही मुकादम करत नाही. मेळ मोडला की उसाचे टनही मोडतात, हे त्याला पक्के ठाऊक असते. फडातल्या मुकादमाला जे उमगते ते कोट्यवधींचा कारभार पाहणाऱ्या शहाण्यांना उमगू नये, ही खेदाची नव्हे, संतापाची बाब आहे.

आता या लिलावातल्या भावांकडे पाहू, कारण गुणांचे खरे मोल लिलावातच ठरते असे आपल्याला सांगितले जाते. शादलुईची किंमत २ कोटी ३५ लाख होती. त्याने विजेतेपद मिळवून दिले, सर्वोत्तम बचावपटूचा मान पटकावला, आणि त्याची किंमत २८ लाखांनी उतरली. इराणच्याच फझल अत्राचलीला २०२३ मध्ये १ कोटी ६० लाख मिळाले आणि पुढच्याच लिलावात ५० लाख. एवढा त्याचा खेळ एका वर्षात उतरला होता काय? परदीपचे मोल २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख ठरले, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ मध्ये काहीच नाही. पाटण्याला सलग तीन विजेतेपदांपर्यंत नेणाऱ्या माणसाचा अखेरचा निरोप भरल्या मैदानात, प्रेक्षकांच्या टाळ्यांत व्हायला हवा होता. तो झाला एका सभागृहात, कोणाचाही हात वर न झाल्यामुळे. मोल ठरवण्याची ही रीत असेल, तर तिला मोल म्हणणे हा गुणांचा अपमान आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण काही आक्षेप इतक्या वेळा ऐकवले जातात की त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की संघबांधणीवर ५ कोटींची मर्यादा आहे, त्यामुळे सर्वांना राखणे अशक्य. ही मर्यादा आकाशातून पडलेली नाही; माणसांनी केलेला तो नियम आहे, आणि माणसांनी केलेला नियम माणसांना बदलता येतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही संघांच्या वेतनावर मर्यादा आहे, आणि तेथे पैशाचा खेळ आपल्यापेक्षा कैक पटींनी मोठा आहे. तरीही संघाला स्वतःचा खेळाडू राखण्यासाठी ती मर्यादा ओलांडण्याची मुभा तेथील नियमांत आहे, आणि बॉस्टनच्या लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने तो अपवाद गेली चार दशके ओळखला जातो. संपूर्ण व्यापारी वृत्तीच्या त्या देशाला जर हे कळले की आपला माणूस राखणाऱ्या संघाला दंड होता कामा नये, तर मातीतल्या खेळाचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला ते कळण्यास कोणती अडचण आहे?

दुसरा आक्षेप समतोलाचा. दरवर्षी संघ मोडला नाही तर एकच संघ जिंकत राहील, अशी भीती घातली जाते. पाटण्याने २०१६ आणि २०१७ मध्ये मिळून सलग तीन विजेतेपदे मिळवली, तेव्हा कबड्डी बुडाली काय? उलट त्याच काळात या खेळाची पताका घरोघरी पोहोचली, कारण हरवायला एक बलाढ्य संघ होता आणि तो कधी हरेल याची साऱ्या देशाला उत्कंठा होती. त्यानंतर आजवर एकाही संघाला आपले विजेतेपद लागोपाठच्या हंगामात राखता आलेले नाही. याला समतोल म्हणणाऱ्यांनी सोडतीलाही न्याय म्हणावे.

तिसरा आक्षेप सर्वांत उर्मट आहे: लिलावामुळेच शेतकऱ्यांची मुले कोट्यधीश झाली, आणि तुम्ही त्यांच्या पोटावर उठला आहात. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेशकुमारवर लागली होती, १२ लाख ८० हजारांची. आज ती दोन कोटींच्या पुढे गेली, याचा आनंद आम्हाला इतरांहून तसूभरही कमी नाही. परंतु पैसा वाढला तो खेळ लोकप्रिय झाल्यामुळे, माणसे दरवर्षी बोलीवर उभी केल्यामुळे नव्हे. तीन वर्षांचा पक्का करार दिल्याने खेळाडू दरिद्री होत नाही. उलट गुडघा दुखावला तरी पुढच्या वर्षीची भाकरी शाबूत आहे, हा दिलासा त्याला मिळतो. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला मुंबईच्या संघाने २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतले, पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण केले, आणि पुढच्या वर्षी तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू संघात गेला. त्याला पैसा मिळाला, तो मिळालाच पाहिजे. पण तेवढाच पैसा महाराष्ट्रातल्या संघात राहून का मिळू नये, या प्रश्नाचे उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही.

चौथा आक्षेप प्रेक्षकाला उद्देशून असतो: खेळ पाहा, नावांत गुंतू नका. हा उपदेश करणारेच हंगाम सुरू होताच त्या नावांच्या बनियनी विकायला काढतात. आमची माया हवी, तिच्यावर चाललेला व्यापार हवा, आणि उन्हाळ्यात त्याच मायेला भाबडेपणा ठरवायचे, हा दुटप्पीपणा आम्ही यापुढे निमूटपणे सोसणार नाही.

या खेळाच्या घडणीत महाराष्ट्राचा हक्काचा वाटा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी जगापुढे मांडली. बुवा साळवी यांनी उभे आयुष्य वेचून तिला संघटनेचे आणि नियमांचे अधिष्ठान दिले. त्या काळी खेळाडू मंडळाचा असे आणि मंडळ गावाचे. तो काळ जसाच्या तसा परत येणार नाही, आणि तो आणावा असा आमचा हट्टही नाही. परंतु गावाने ज्याला आपले म्हटले त्याला गावाला न विचारता दरसाल विकावे, हा अधिकार कोणत्याही काळात कोणालाही नव्हता.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खेळाडूशी किमान तीन हंगामांचा करार व्हावा, आणि करार संपलेले व नवोदित यांच्यापुरताच लिलाव मर्यादित राहावा. संघाने स्वतःचा खेळाडू राखल्यास त्याच्या वेतनाचा ठराविक हिस्सा ५ कोटींच्या मर्यादेतून वगळावा. खेळाडूच्या लेखी संमतीवाचून त्याला लिलावात उभे करू नये. आणि दहा हंगामांहून अधिक काळ खेळलेल्या खेळाडूला, त्याच्यावर बोली लागो वा न लागो, मैदानावर सन्मानाने निरोप मिळावा.

येत्या १५ जुलैला बुवा साळवी यांचा जन्मदिन कबड्डी दिन म्हणून साजरा होईल. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणे यांवर समाधान न मानता आष्टीपासून परळीपर्यंत आणि गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत प्रत्येक तालुक्यातील मंडळांनी या मागण्यांचा ठराव सभेत मंजूर करावा, त्यावर खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो स्पर्धेच्या चालकांकडे व संघमालकांकडे रीतसर रुजू करावा. एका गावाचा अर्ज दप्तरात बांधून ठेवता येतो. अकरा तालुक्यांचे ठराव तसे बांधून ठेवता येणार नाहीत.

आपला,
एक कबड्डीप्रेमी, जिल्हा बीड
जून २०२५