वहीच्या मागच्या पानांवरून

पाठ्यपुस्तक घेऊन बसलेले मूल पाहिले की आपल्या घरांतून समाधान पसरते. तेच मूल कादंबरी घेऊन खिडकीशी बसले, तर दहा मिनिटांच्या आत स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘‘अभ्यास झाला का?’’ हा प्रश्न मी घरी मुलांना विचारला आहे, वर्गात विद्यार्थ्यांना विचारला आहे, आणि पालकसभांतून इतरांनाही विचारायला शिकवला आहे. मराठीचा शिक्षक म्हणून आयुष्य गेलेल्या माणसाने ही कबुली प्रारंभीच दिलेली बरी. पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्यांना उपदेश म्हणून नव्हे, थोडेसे पश्चात्तापाच्या पोटी आहे.

निमित्त एका वहीचे. माझी एक माजी विद्यार्थिनी आता पनवेलच्याच एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ती पुस्तके नेण्यासाठी माझ्याकडे येते. परवा तिने परत केलेल्या गठ्ठ्यात तिची एक वही चुकून राहून गेली. पुढच्या पानांवर जमाखर्चाची टिपणे. वही उलटी करून मागून सुरू केलेल्या पानांवर मात्र तिने वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी लिहिलेले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, गुण मिळतील म्हणून नव्हे. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळते. पण अक्षर माझ्या वर्गात घोटलेले होते आणि मोह आवरला नाही. नंतर तिला सांगितले, क्षमा मागितली आणि यावर लिहू का, असेही विचारले. ती हसून म्हणाली, ‘‘लिहा सर, पण नाव नको.’’ म्हणून नाव देत नाही.

वाचकांना एक पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मुलगी विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावची. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे, अशी दहा गावे नवी मुंबई विमानतळाच्या जागेतून हलली. तिचे घर पाडले गेले तेव्हा ती प्राथमिक शाळा संपवून नुकतीच माध्यमिक वर्गात आली होती. आता कुटुंब करंजाड्याच्या बाजूला इमारतीत राहते. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळवले गेले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला प्रवासी विमाने सुरू झाली. विमानतळ देशाला हवा होता याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि गंमत म्हणजे तिच्याही मनात नाही. तिचा थोरला भाऊ तेथेच नोकरीच्या खटपटीत आहे. पण वाचणारा माणूस आपले घर बरोबर घेऊन वाचतो.

तिच्या वहीतील पहिली नोंद सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ची. २०१३चा चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहून ती पुस्तकाकडे वळली. दोन रात्रींत संपवली, एवढेच लिहून पुढे तीन उद्गारचिन्हे. माझ्यासारख्या शिक्षकांनी शिरवळकर, बाबा कदम, बाबूराव अर्नाळकर ही नावे नाक मुरडूनच उच्चारली. वस्तुतः यांच्याच पुस्तकांनी मराठी माणसाला चारशे पाने एका बैठकीत वाचण्याची सवय लावली, आणि ती सवय लागल्याशिवाय पुढचे काहीच वाचले जात नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. किंवा सांगितले असेल, आम्ही ऐकले नाही.

त्यानंतर ‘मृत्युंजय’. आपल्या परिवारातील घरांतून वाढदिवसाला, मुंजीत, दहावीच्या यशाबद्दल जी पुस्तके दिली जातात त्यांत शिवाजी सावंतांची ही १९६७ची कादंबरी अग्रस्थानी. नववीत असताना तिने ती वाचली आणि कर्णासाठी आठवडाभर जेवण गेले नाही, असे लिहिले आहे. बारावीनंतर पुन्हा वाचली. त्या नोंदीत म्हणते की, कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधनही बोलतो. पण सगळे एकाच माणसासारखे बोलतात. सर्वांनाच उपमा सुचतात. मला हे मान्य नाही. महाकाव्याच्या पात्रांनी चाळीतल्या माणसांसारखे निरनिराळे बोलावे ही अपेक्षाच चुकीची, असे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली. पटले मात्र नाही, हे चेहऱ्यावर दिसत होते. असो.

पण ज्या नोंदीने मला रात्रभर जागे ठेवले ती ‘स्वामी’विषयीची. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची; १९६४मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माधवराव पेशव्यांवरील या कादंबरीचा शेवट थेऊरला, रमाबाईंच्या सतीगमनाने होतो. मुलीने लिहिले होते : ‘शेवटची पाने दोनदा वाचली. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा स्वतःचा राग आला. एक बाई जिवंतपणी चितेवर चढते आहे आणि मला भीती वाटली नाही. भाषा इतकी सुंदर आहे की भीती वाटायचे राहूनच गेले.’

शाळेतून बक्षीस म्हणून ‘स्वामी’च्या किती प्रती मी वाटल्या असतील याची गणती नाही. प्रथम संताप आला. आजच्या मुलांना इतिहासाचे भान नाही, अठराव्या शतकाकडे आजच्या चष्म्यातून पाहतात, वगैरे वाक्ये ओठांवर तयारच असतात. ती तिला ऐकवलीही. तिने शांतपणे उत्तर दिले, ‘‘सर, १७७२ साली रमाबाईंनी काय करायला हवे होते, हे मी कुठे म्हणते? ते त्या काळाचे. मी १९६२ साली लिहिलेल्या पुस्तकाविषयी बोलते आहे.’’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शाळेच्या सहली घेऊन मी थेऊरला गेलो आहे. नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनापाशी मुलांना उभे करून, गहिवरल्या आवाजात तो प्रसंग सांगितला आहे. मुलींच्या रांगेकडे त्या वेळी मी कधी नीट पाहिले होते का, हे आठवत नाही. ‘स्वामी’ मला आजही प्रिय आहे. माधवरावांची करारी, आजारी, एकाकी मूर्ती मराठी मनात ज्या पुस्तकाने उभी केली त्याचे ऋण एका आक्षेपाने फिटत नाही. पण आक्षेप खरा आहे. आणि तो कोण्या समीक्षकाकडून उसना घेतलेला नाही, रडून झाल्यावर सुचलेला आहे, म्हणून तो अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ मी माझ्या घरात बरीच वर्षे येऊ दिली नव्हती. पुढे तिच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळाले तरी माझे मत फारसे निवळले नाही. हिने ती वाचनालयातून आणून वाचली. वसतिगृहातील आणि खानावळीतील प्रसंगांना ती मोठ्याने हसली. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मणीच्या मृत्यूची पाने तिने पनवेलच्या लोकलमध्ये वाचली, मानखुर्द कधी मागे गेले ते कळले नाही. आणि मग एक वाक्य लिहिले, जे नेमाड्यांच्या कोणत्याही टीकाकाराला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही : ‘पांडुरंग नापास होऊन घरी परत जाऊ शकला, कारण परत जायला त्याच्या वडिलांची शेती होती. आमच्यापैकी कोणी नापास झाले तर परत कुठे जायचे?’

येथे मला थांबावे लागले. आमच्या पिढीने ‘कोसला’ नाकारली ती तिच्यातील अश्रद्धेपायी. या मुलीला त्या अश्रद्धेचे काही वाटले नाही; तिला त्या तरुणाच्या बंडामागची जमीन दिसली.

गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ मीच तिला दिली. १९५५चे हे पुस्तक. कोकणातले एक गाव हळूहळू ओस पडत जाते, त्याची ही कहाणी अंबूवहिनीच्या तोंडून येते. मला वाटले, हिला ती आपली वाटेल. वाटलीही. झाडांची, पावसाची, सणावारांची वर्णने तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवली. आजी मध्येच उठून गेली, असे वहीत आहे; का ते लिहिलेले नाही. पुढे म्हणते, ‘पडघवलीचे मला वाईट वाटले आणि हेवाही वाटला. तिथली माणसे गेली तरी गाव जागेवर राहिले. कधी कोणी परत गेले तर उंबरठा सापडेल. आमच्या गावाच्या जागी मी तिकीट काढल्याशिवाय जाऊ शकत नाही.’ आणि लगेच पुढच्या ओळीत, ‘अंबूवहिनीच्या ओटीवरून जेवढे दिसते तेवढेच गाव या पुस्तकात आहे. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने हीच गोष्ट सांगितली असती तर?’

मी कोकणातल्या ओटीवरच वाढलो. हा प्रश्न ‘पडघवली’ अनेकदा वाचूनही मला पडला नाही.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांची कादंबरी. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ती मात्र तिने अर्धीच वाचली. त्याचे कारण एका ओळीत आहे : ‘पुढे काय होणार ते मला माहीत आहे.’ सिडकोची स्थापना १९७०ची. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली, विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचे सूत्र ठरले. ही आकडेवारी तिच्या घरी जेवताना बोलली जाते. दिवसभर जे ऐकायचे तेच रात्री वाचायचे नाही, असा तिचा सरळ हिशेब. मी आग्रह केला नाही. चांगले पुस्तक अर्धवट ठेवण्याचा अधिकार वाचकाला असतो, हे मात्र मी वर्गात कधी सांगितले नव्हते.

आता थोडे आपल्याविषयी. कादंबरीकडे आपण दोनच दृष्टींनी पाहतो. एक दृष्टी म्हणते, वेळेचा अपव्यय. दुसरी, जिला आपण अधिक सुसंस्कृत समजतो, ती विचारते, यातून कोणता संस्कार होणार? कार्यकर्त्यांच्या बैठकीत पालक माझ्याकडे यादी मागतात, आणि यादी मागताना त्यांच्या मनात औषधांच्या दुकानातली चिठ्ठी असते : देशभक्तीसाठी हे, मातृभक्तीसाठी ते, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. शाळेतही वेगळे घडत नाही. उताऱ्याचे रसग्रहण करा, असा प्रश्न येतो आणि मार्गदर्शक पुस्तिकेतला रस वर्गातील साठही मुले एकाच शब्दांत ग्रहण करतात. माझ्या हातून तपासून गेलेल्या हजारो उत्तरपत्रिकांत एकाही मुलाने अमुक पुस्तक मला आवडले नाही, असे लिहिल्याचे स्मरत नाही. लिहिले असते तर मी गुण दिले असते का?

हा वाद जुना आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. १८७२ साली काशीनाथ बापूजी मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहिला. म्हणजे मराठी कादंबरी पंधरा वर्षांची झाली तेव्हापासूनच तिची झडती चालू आहे! शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईला जन्मलेले इतिहासाचार्य राजवाडे घ्या. ज्यांनी जुन्या दप्तरांच्या शोधात हयात घालवली, त्यांनाही १९०२मध्ये कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. कागदपत्रांच्या माणसाला कल्पित कथेची मातबरी कळली होती.

आणि हरिभाऊ आपटे. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर शिकवीत, हरिभाऊ त्याच शाळेचे विद्यार्थी. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी त्यावर प्रदीर्घ टीका लिहिली. दोनच वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची ‘मधली स्थिती’ येऊ लागली आणि पुढे ‘पण लक्षात कोण घेतो’. गुरूच्या पुस्तकावर बोट ठेवणारा हा विद्यार्थी उद्धट ठरवून गप्प केला गेला असता, तर काय झाले असते? आज माझ्या वर्गात असता तर मी त्याला काय म्हटले असते, याचा विचार मी टाळतो.

त्या मुलीच्या घरीही प्रश्न आहेच. वडिलांना वाटते, बँकेच्या परीक्षांची तयारी करावी; त्यांचे चूक नाही. जमीन गेलेल्या माणसाला नोकरी हीच जमीन. मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, तुम्ही तिला पुस्तके देता, ती रात्री जागते. तुम्हीच सांगा तिला.’’ मी काय सांगणार! एवढेच म्हटले की, परीक्षेच्या महिन्यात मी पुस्तक देणार नाही. हा करार आम्ही तिघांनीही मान्य केला आहे. ती तो पाळते असे मला वाटत नाही, कारण गावात के. गो. लिमये वाचनालय आहे आणि तेथे माझा करार चालत नाही.

वही परत न्यायला ती आली तेव्हा परीक्षा संपलेली होती. मी आनंद यादवांची ‘गोतावळा’ काढून ठेवली होती, १९७१ची. शेतावर ट्रॅक्टर येतो आणि बैल, जनावरे एकेक करून जातात, ती गोष्ट. कशाविषयी आहे ते मी सांगू लागलो, तेवढ्यात वरून विमान गेले आणि आम्ही दोघेही सवयीने थांबलो. आवाज विरल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, तर ती म्हणाली, ‘‘सांगू नका सर.’’ एका पायात चप्पल अडकवून, दारातच उभी राहून तिने पहिले पान वाचायला घेतले होते.