एटीकेटीनंतरचं एमबीबीएस

इंजिनिअरिंगला एटीकेट्यांचा ढीग, डिग्री कशीबशी हाती, आणि तिशीला आलेला मुलगा म्हणतो डॉक्टर व्हायचंय. घरात कपाळाला हात लागणारच. पण इथे आपली व्यवस्था नकळत उदार आहे. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जात बहुतेक ठिकाणी पदवीचे सगळे ग्रेड मोजतात. नापास झालेला विषय पुन्हा देऊन काढला तरी जुना डाग सरासरीत कायम. आपली मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पदवीच्या गुणपत्रिकेकडे ढुंकूनही पाहत नाही. बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, खुल्या गटाला त्यात ५० टक्के. बायोलॉजी सोडलं होतं? २०२३ पासून ते बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलंही चालतं. कमाल वयाची अट २०२२मध्येच गेली. खरी मेख पेपरात आहे: १८० प्रश्न, तीन तास, आणि शेजारच्या बाकावर नुकतीच बारावी दिलेली पोरं. आपल्याला लंबकाचं सूत्र आठवेपर्यंत त्यांनी पान उलटलेलं असतं. जमलंच, तर साडेचार वर्षं शून्य कमाई, मग वर्षभर इंटर्नशिपचं विद्यावेतन. तेव्हा नातेवाइकांनी जुन्या एटीकेट्या उकरण्यापेक्षा घराचे हप्ते कोण भरणार, एवढंच विचारावं.