राईनपाडा आणि किल्लीचा हट्ट

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. मेलेली माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारे फिरताहेत, सावध राहा, असे निरोप त्याआधी कित्येक दिवस त्या भागात व्हॉट्सॲपवर फिरत होते.

तेव्हापासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा विषय कुठेही निघाला, ऑफिसात, सोसायटीच्या बैठकीत किंवा लग्नाच्या पंगतीत, की कोणीतरी हा दाखला देतं. म्हणणं असं: अफवा पहिल्यांदा कोणी सोडली हे पोलिसांना कळायलाच हवं. कंपनी जर म्हणत असेल की आम्हालाही निरोप वाचता येत नाहीत, तर ती गुन्हेगारांना आडोसा देते. सरकारकडे एक किल्ली असली तर बिघडलं कुठे? आणि ज्याला लपवण्यासारखं काही नाही, त्याने कशाला घाबरावं?

हे म्हणणं सरकारनेही उचललं. जुलै २०१८मध्येच केंद्राने व्हॉट्सॲपकडे निरोपांचा माग काढण्याची सोय मागितली. २५ फेब्रुवारी २०२१ला माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यातला नियम ४(२) सांगतो, की पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या निरोप-सेवेने आदेश आल्यावर निरोपाचा ‘पहिला उगमकर्ता’ कोण ते सांगितलं पाहिजे. त्याविरुद्ध कंपनी त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितलं, की एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल.

कंपनीचा कैवार घेण्याचं मला कारण नाही. तिची मालक मेटा आहे, आणि लोकांच्या सवयी विकून जगणारा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक चांगली गोष्ट वाईट हातात आहे म्हणून ती मोडावी, हे मला मान्य नाही. माझं म्हणणं सरळ आहे: नियम ४(२)ने राईनपाडा टळला नसता, पुढचाही टळणार नाही, आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र प्रत्येक माणसाला मोजावी लागेल.

आधी हे कुलूप काय आहे ते पाहू. व्हॉट्सॲपवर कोणाच्याही नावावर बोट ठेवून माहितीचं पान उघडा आणि ‘एन्क्रिप्शन’ या ओळीवर दाबा. साठ अंकांची संख्या दिसेल, पाच-पाच अंकांचे बारा गट. समोरच्या माणसाने आपल्या फोनवर तुमच्या नावाचं तेच पान उघडलं तर त्यालाही हेच साठ अंक दिसले पाहिजेत. दोघांच्या उघड किल्ल्यांवरून ते तयार होतात. निरोप उघडणारी खासगी किल्ली मात्र ज्याच्या-त्याच्या फोनमध्येच राहते, सर्व्हरवर जातच नाही. म्हणून निरोप वाटेत कोणालाही उघडता येत नाही, कंपनीलाही नाही. या विद्येचा पाया १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी घातला. बँकेचं संकेतस्थळ उघडताना होणारी देवाणघेवाण आज याच पायावर उभी आहे.

आता पहिला आक्षेप. नियमाचे समर्थक म्हणतात, निरोपातला मजकूर मागितलेलाच नाही, फक्त पहिला पाठवणारा मागितला आहे. मग एन्क्रिप्शन मोडतं कुठे? हे ऐकायला पटतं. पण उद्या कोणता निरोप चौकशीत येणार हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणजे प्रत्येक निरोपाची खूण आणि ती कोणी आधी पाठवली याची नोंद आजच ठेवावी लागते. आजारी सासूबद्दल डॉक्टरला विचारलेला प्रश्न, पगार थकल्याची मित्राकडे केलेली तक्रार, भावाला पाठवलेला फोटो, सगळ्यांची. आदेश एका निरोपाचा, नोंद मात्र देशभरातल्या सगळ्या निरोपांची.

बरं, ती नोंद ठेवून तरी हाती काय लागेल? सरकारच्या बाजूने हॅशचा पर्याय सुचवला गेला होता. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण. मजकूर तोच तर खूण तीच. पण एक काना इकडचा तिकडे झाला, एक जागा जास्त सुटली, तरी खूण पूर्ण बदलते. ‘मुलं पळवणारे आले’ आणि ‘मुलं पळवणारे आले!’ यांच्या खुणांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. चित्रफीत एका फोनवर लावून दुसऱ्या फोनने तिचं चित्रण केलं की झाली नवी फीत, नवा उगम, नवा उगमकर्ता. ज्याला मुद्दाम अफवा पसरवायची आहे त्याला हे एका मिनिटात जमतं. जो साधा माणूस आलेला मजकूर उचलून, वर ‘काळजी घ्या’ असं लिहून गावच्या ग्रुपवर टाकतो, तोच नोंदीत पहिला म्हणून सापडतो.

दुसरी सुचवणी मद्रास उच्च न्यायालयापुढे आली होती. ते प्रकरण सुरू झालं ते समाजमाध्यमांची खाती आधारशी जोडा, या मागणीने. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी २०१९मध्ये सुचवलं, की मूळ पाठवणाऱ्याची ओळख निरोपासोबतच पुढे जावी. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्याचं खंडन केलं. मतलबी माणूस बदललेलं ॲप वापरून ही सोय चुकवू शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. प्रा. कामकोटींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण चोर सुटतो आणि साव सापडतो, अशी योजना गुन्हे-तपासाची म्हणून स्वीकारता येत नाही.

त्यातही नियमाची एक ओळ नीट वाचावी. मूळ पाठवणारा परदेशात असेल, तर भारतातला पहिला पाठवणारा हाच उगमकर्ता मानला जाईल. २०१८मध्ये देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी काढलेल्या फिल्मचा तुकडा होती. शेवटी मूल परत आणून देतात तो भाग कापून ती फिरवली गेली. या नियमाखाली तिचा ‘उगमकर्ता’ कोण ठरला असता? कदाचित परदेशातून आलेली ती फीत खरी समजून, पोटच्या मुलांच्या काळजीने पुढे ढकलणारी एखादी आई. कापाकापी करणारा मोकळाच राहिला असता.

आणि राईनपाड्यात पोलिसांचं अडलं कुठे होतं? मारहाण भर बाजाराच्या दिवशी झाली, लोकांनीच तिच्या चित्रफिती काढल्या. मारणारे अज्ञात नव्हते. तिथे कमी पडली ती वेळेवर पोहोचणारी पोलीस गाडी आणि आठवडाभर अफवा फिरत असताना गावात जाऊन ‘हे खोटं आहे’ असं सांगणारं कोणीतरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. किल्ली फक्त सरकारकडे, कायद्याच्या चौकटीत राहील. मग भीती कसली? याला उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, इतिहासाने दिलेलं आहे. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यात एरिक्सनची यंत्रं होती, आणि कायदेशीर टॅपिंगची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच होती. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास कोणीतरी त्या सोयीत शिरलं आणि शंभरावर फोन ऐकू लागलं. त्यात खुद्द पंतप्रधान कोस्तास करामान्लिस यांचा फोन होता, मंत्र्यांचे होते. मार्च २००५पर्यंत ते चालू राहिलं. चोराने दार फोडलं नव्हतं. पोलिसांसाठी ठेवलेल्या दारानेच तो आत आला.

हे जुनं म्हणून सोडून द्यावं, तर २०२४ पाहा. चीनशी संबंधित हॅकर अमेरिकेतल्या बड्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यांत शिरले आणि न्यायालयीन आदेशाने टॅपिंग करण्यासाठी असलेल्या यंत्रणेपर्यंत पोहोचले. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्याच सायबरसुरक्षा अधिकाऱ्यांनी लोकांना सल्ला दिला, की एन्क्रिप्टेड निरोप-सेवा वापरा. याच देशाच्या तपास यंत्रणांनी वर्षानुवर्षं एन्क्रिप्शनविरुद्ध आघाडी उघडली होती. गणिताला पोलीस आणि चोर यांतला फरक कळत नाही. तिसऱ्यासाठी वाट ठेवली, की ती चौथ्यालाही सापडते.

‘कायद्याच्या चौकटीत’ या शब्दांचं आपल्याकडचं वजनही तपासून घ्यावं. नियम ४(२)खालचा आदेश न्यायालय देऊ शकतं, तसाच तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९खालचा सक्षम अधिकारीही देऊ शकतो. हा अधिकारी म्हणजे गृहखात्याचा सचिव. मागणारं सरकार आणि परवानगी देणारंही सरकार. मधे न्यायाधीश असलाच पाहिजे असं नाही.

उरला तो सगळ्यांच्या तोंडी असलेला आक्षेप: लपवण्यासारखं काही नाही तर घाबरायचं कशाला? याला खरकसिंग यांचं प्रकरण हे उत्तर आहे. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिलं होतं. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाची फाइल उघडली आणि पाळत ठेवली. मध्यरात्री दार वाजवून ‘घरात आहेस का’ विचारण्याचा अधिकार पोलीस नियमांनी दिलेला होता. लपवण्यासारखं काही सिद्ध झालेलं नसलेला हा माणूस होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या, पण खासगीपणाचा असा हक्क घटनेत नाही असंही म्हटलं. ते वाक्य पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवं. एका अफवेच्या शोधासाठी कोट्यवधी लोकांच्या निरोपांची नोंद, हे प्रमाण कुठल्याही मापात बसत नाही.

शिवाय लपवणं हा शब्दच इथे गैरलागू आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले. १३ जानेवारी २०१०ला त्यांची हत्या झाली. नदीपात्रातल्या वाळूउपशाचा फोटो रात्री तहसीलदाराला किंवा पत्रकाराला पाठवणारा गावातला पोरगा काय लपवतो? स्वतःचा जीव. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण नियम ४(२)मध्ये आहे, आणि ते किती ताणता येतं हे कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारा. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल वकिलाशी बोलणारी बाई, कारखान्यात संघटना बांधू पाहणारा कामगार, यांच्यासाठी कुलूप ही चैन नाही. ज्याला आज लपवण्यासारखं काही नाही, त्यालाही आपल्या मुलीच्या शाळेत जाण्या-येण्याच्या वेळा चौकात लावायच्या नसतात.

मग पोलिसांनी हात बांधून बसावं का? मुळीच नाही. मजकूर बंद असला तरी कोणाचा नंबर कोणत्या खात्याचा, ते खातं कोणत्या जोडणीवरून चाललं, अशी माहिती कंपनीकडे असते आणि ती कायदेशीर मागणीवर मिळते. ज्या ग्रुपवर अफवा आली, त्या ग्रुपमधला कोणीही सदस्य ती पोलिसांना दाखवू शकतो; त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागत नाही. रीतसर जप्त केलेल्या फोनमधले निरोप न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वाचता येतात. संशयित एक असेल तर त्या एकामागे लागावं. सगळ्यांची नोंद ठेवून मग त्यातून एक शोधणं हा तपास नाही, ही पाळत आहे.

अफवेला आवर घालण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय तर एकही निरोप न उघडता झाला. जुलै २०१८मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०मध्ये, आधीच अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार अशा निरोपांचं प्रमाण त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटलं. आकडा कंपनीचा आहे, तेव्हा तो थोडा कमी धरा. दिशा तरीही स्पष्ट आहे. अफवेचं बळ वेगात असतं, आणि वेग किल्लीशिवाय कमी करता येतो.

जमावाच्या हिंसेवर काय करायचं हेही सांगून झालेलं आहे. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात राज्यांना आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमा, अफवा आणि भडक मजकुराची खबर काढणारं विशेष पथक ठेवा, खटले जलदगतीने शक्यतो सहा महिन्यांत संपवा, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. यातल्या एकाही कामासाठी कोणाचा निरोप उघडावा लागत नाही. लागतात माणसं, पैसा आणि रोजचं लक्ष.

म्हणून मागणी अशी: केंद्राने नियम ४(२) मागे घ्यावा, आणि महाराष्ट्र सरकारने आपल्या प्रत्येक जिल्ह्यातला समन्वय अधिकारी कोण, त्याचं पथक किती जणांचं आणि गेल्या वर्षी त्याने किती अफवा वेळेत थांबवल्या, हे जाहीर करावं. वाचकांनीही हे तीन प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्जाला दहा रुपये लागतात.