चार मुख्यमंत्री आणि एक पॅसेंजर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. वर देशाला दोन गृहमंत्री आणि लोकसभेला एक अध्यक्ष. नरपुंगवांचं एवढं पीक घेतल्यावर जमिनीचा कस उतरणारच, हे मान्य. तरीही नांदेडच्या माणसानं सकाळच्या गाडीनं लातूरला जावं, काम उरकावं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी यावं, एवढी क्षुद्र वासना त्यानं बाळगायला हरकत नसावी.

आहे, हरकत आहे! रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आतलं हे अंतर रुळांवर दोनशेच्या पुढं जातं. नांदेडहून पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी. परळीला इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचं. मग लातूर रोड. (लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे, हे नवख्याला तिथं उतरल्यावरच कळतं.) शिवाय नांदेड दक्षिण मध्य रेल्वेचं, म्हणजे दरबार सिकंदराबादला. लातूर मध्य रेल्वेचं, म्हणजे हुकूम सोलापूरहून. आणि मधला लातूर रोड पुन्हा दक्षिण मध्यचा. नांदेडहून पनवेलला जाणारी रात्रीची गाडी लातूरवरून जाते, नाही असं नाही. पण ती पुण्या-पनवेलला पोचणाऱ्याच्या झोपेचा हिशेब करून आखलेली. लातूरला कोर्टाची तारीख असलेल्या माणसाचा हिशेब तिनं कामून करावा?

नांदेड–लोहा–अहमदपूर–लातूर रोड असा सरळ मार्ग हवा, ही मागणी जुनी आहे. सर्वेक्षण हा या मार्गाचा स्थायीभाव. तो होईल तेव्हा होईल. आमची नातवंडं बघतील. आजचा माझा मुद्दा त्याहून फार हलका आहे, म्हणूनच तो कुणाला दिसत नाही. जे रूळ आहेत, त्यावर जी साधी पॅसेंजर चालत होती, ती परत आणा. जे थांबे होते, ते परत द्या. बस्स.

मार्च 2020 मध्ये कोविडनं सगळ्या गाड्या थांबवल्या. त्याला इलाज नव्हता. पण साथ ओसरल्यावर गाड्या परतल्या त्या नव्या अवतारात. क्रमांकाच्या आधी शून्य लागला आणि डबा तोच, बाकडं तेच, पंखा तोच (न फिरणारा) असूनही गाडी एकदम 'विशेष' झाली. किमान भाडं 10 रुपयांवरून 30 वर गेलं. लिंबगावहून नांदेडला भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईला रेल्वेनं एका रात्रीत एक्सप्रेसच्या प्रवाशाचा दर्जा बहाल केला, आणि त्या बहुमानाचे वीस रुपये जास्तीचे घेतले. हा सन्मान तब्बल फेब्रुवारी 2024 पर्यंत चालला. मग निवडणूक जवळ आली आणि तीच गाडी पुन्हा दहा रुपयांच्या लायकीची ठरली. योगायोग हो, दुसरं काय!

दरम्यान 'शून्याधारित वेळापत्रक' नावाची एक विद्वत्ता अवतरली. मुंबईच्या आयआयटीची मदत घेऊन सगळी गणितं नव्यानं मांडली म्हणे. देशभरात शेकडो पॅसेंजर एक्सप्रेस झाल्या, छोटे थांबे गळाले, आणि वेग वाढल्याचा आनंद साजरा झाला. वाढणारच की! मध्ये थांबायचंच नाही असं ठरवलं तर बैलगाडीचाही सरासरी वेग वाढतो. त्याला आयआयटी कशाला, चुडाव्याचा कुणीही गाडीवान सांगेल.

आणि आठवतं ना, ऑक्टोबर 2021 च्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत ताणला. लाल डबा आगारात, पॅसेंजर शून्याच्या फेऱ्यात. खेड्यातल्या माणसानं जायचं कशानं? काळीपिवळीच्या टपावर बसून. त्या सहा महिन्यांत जर कुणी म्हटलं असतं, की बाबांनो, रूळ रिकामे आहेत, दोन डेमू सोडा, तर तो माणूस क्रांतिकारक ठरला असता. आमच्याकडचा कुणी म्हटल्याचं निदान मला तरी ऐकू आलं नाही. आणि त्या काळात रेल्वेचे राज्यमंत्री कुठले होते? जालन्याचे. रावसाहेब दानवे. जुलै 2021 ते जून 2024. जालन्याला त्यांनी काय दिलं? वंदे भारत.

आता वंदे भारतबद्दल मी वाईट बोलणार नाही. छान गाडी आहे, दारं आपोआप लागतात. डिसेंबर 2023 मध्ये जालन्याहून मुंबईला सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडपर्यंत आली. नांदेडहून सुटली की थेट परभणी. वाटेत पूर्णा लागतं, पण पूर्णा तिला लागत नाही. मीटरगेजच्या जमान्यात इंजिनांच्या शेडवर आणि रेल्वेच्या कॉलनीवर जगलेलं, आजही अकोल्याचा फाटा जिथं फुटतो ते पूर्णा! तिथला माणूस खिडकीतून आत बसलेल्यांना टाटा करू शकतो. तेवढी सोय आहे.

"पण पॅसेंजरला कोण बसायलंय?" असा प्रश्न आता साहेब लोक विचारतात. या प्रश्नाची मला फार गंमत वाटते. प्रवासी घालवण्याची रीत तुम्हालाही पाठ असेल. आधी गाडीची वेळ अशी करा, की कचेरी, कॉलेज, दवाखाना यांपैकी कशालाच ती उपयोगी पडू नये. मग प्रत्येक मालगाडीसाठी तिला बाजूला काढा. मग आठवड्यातून चारदा 'परिचालनाच्या कारणास्तव' रद्द करा, आणि हे स्टेशनात आल्यावरच कळेल अशी व्यवस्था ठेवा. वर्षभरानं तिकिटं मोजा. कमी भरतील. ती आकडेवारी मग गंभीर चेहऱ्यानं फायलीत लावा. शाळेचं दार वर्षभर बंद ठेवून पटसंख्या नाही म्हणून शाळा मोडीत काढावी, तसला हा युक्तिवाद. आणि तो मांडणाऱ्याला पेन्शनही मिळते.

तोट्याचं रडगाणं तर तिकिटावरच छापून मिळायचं. तुमच्या भाड्याचा 43 टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, अशी जाणीव रेल्वेनं बरीच वर्षं करून दिली. म्हणजे मुगटला चढणारा शेतमजूर कोण? असामान्य नागरिक? उंबरठ्यावर कुणी उपकार मोजून दाखवले तर आमच्याकडं माणूस पाणीही न पिता उठतो. इथं मात्र पैसे मोजून उपकार ऐकायचे.

बरं, तोटा नको म्हणणाऱ्यांचा हात इतरत्र कसा सैल सुटतो, तेही पाहा. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन, 508 किलोमीटर, मूळ अंदाजच 1 लाख 8 हजार कोटींचा. शक्तिपीठ महामार्ग, 802 किलोमीटर, 86 हजार कोटींच्या घरात, आणि तो आमच्याच नांदेड-लातूरच्या काळ्या रानातून काढायचा बेत. शेतकरी नको नको म्हणून ओरडत असताना. जो मागत नाही त्याला महामार्ग, जो मागतो त्याला सर्वेक्षण.

लातूरची कथा तर याहून रसाळ. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची इवलीशी गाडी लातूरला पोचली. विलायती कंपनी होती, धर्मादाय संस्था नव्हती. तरी ढोकी, मुरूड असल्या ठिकाणी थांबण्यात तिला कमीपणा वाटला नाही. रूळ रुंद व्हायला 2007-08 उजाडलं. मग 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पुढं पन्नास. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास! लातूरकर ते उपकार विसरलेला नाही. विसरू दिलं तर ना: महिन्याभरातच सुमारे चार कोटींचं बिल कलेक्टर कचेरीत दाखल झालं. रेल्वेची कुठली गोष्ट मराठवाड्यात वेळेवर पोचत नाही असं कोण म्हणतं?

मग 2018 मध्ये डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. 2023 मध्ये रशियन कंपनीच्या भागीदारीत करार: शयनयान वंदे भारतच्या 120 गाड्या, प्रत्येकी 16 डबे. म्हणजे 1,920 डबे लातूरच्या वेशीवर तयार व्हायचे. आणि पानगाव, वडवळ नागनाथ, औसा रोडच्या पोरांनी 'लातूर पॅटर्न'च्या क्लासला पोचायला कोणता डबा धरायचा? जेवणाचा.

"कुठं असं बंद केलेलं परत सुरू होतं का?" असंही एकानं मला ऐकवलं. होतं. ब्रिटनमध्ये 1963 साली डॉ. बीचिंग नावाच्या हिशेबी गृहस्थानं तोट्याच्या नावाखाली हजारो मैलांचे मार्ग आणि दोन हजारांवर स्टेशनं मोडीत काढायची शिफारस केली. एडिंबराच्या दक्षिणेचा मार्ग 1969 मध्ये बंद झाला. लोक भांडत राहिले. 2015 मध्ये त्यातला पन्नासेक किलोमीटरचा तुकडा रूळ नव्यानं टाकून सुरू केला. तिथं तर रूळच उचलून नेले होते. आमचे रूळ जागेवर आहेत, वर विजेच्या ताराही आल्यात, परभणी–मुदखेड दुहेरी झालंय.

मग अडलंय कुठं? मला विचाराल तर अडलंय ते उद्घाटनापाशी. नव्या मार्गाला भूमिपूजन असतं, कारखान्याला कोनशिला असते, वंदे भारतला हिरवा झेंडा आणि फुलांच्या माळा असतात. बंद पडलेली पॅसेंजर परत सुरू करण्यात काय आहे? एक वेळापत्रक, एक रेक, एक सही. फोटोत येईल असं काहीच नाही. उलट "मग आधी बंद कुणी होऊ दिली?" असं एखाद्या आगाऊ पोरानं विचारायची भीती.

तर मी मार्ग सुचवतो. मिरखेल, चुडावा, लिंबगाव, मुगट, करखेली, पानगाव, वडवळ नागनाथ, औसा रोड. प्रत्येक थांब्याचं स्वतंत्र उद्घाटन करा. स्थानिक आमदार वेगळा, खासदार वेगळा, पालकमंत्री वेगळे. गाडीला आठ ठिकाणी आठ वेळा हिरवा झेंडा दाखवा, आम्ही आठही वेळा टाळ्या वाजवू. गाडी मात्र दुसऱ्या दिवशीही सोडा, नि सकाळी दहाच्या आत पोचेल अशी सोडा. झेंडे, फीत आणि कात्री आम्ही वर्गणी काढून आणतो. बिल कलेक्टर कचेरीत पाठवणार नाही.