उघड्या पाठीचा हेडफोन

वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे ‘सुतार की झोपडी’त, कुणी सूर लावला की तो दगडी फासळ्यांच्या छताखाली घुमत चहूबाजूंनी अंगावर येतो. हेडफोनच्या नशिबी असलं दालन कुठलं! त्यात उघड्या कानाची पाळी नि कर्णनलिका 3,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवतात. हेडफोनने ही वाढ भरून न काढता प्रतिसाद अगदी सपाट ठेवला तर गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं. म्हणून हरमन या ध्वनिउपकरण कंपनीच्या शॉन ऑलिव्ह यांनी 2013च्या सुमारास श्रोत्यांनाच ऐकवून पसंतीचा आलेख ठरवला: चांगल्या खोलीतल्या स्पीकरसारखा, 3,000 हर्ट्झपाशी उंचवटा आणि खाली जरा जास्त बास. ऐसपैसपणासाठी मात्र पाठ जाळीची, उघडी हवी, ध्वनिपडदा कानापासून दूर नि तिरका. मग सिटी बसमध्ये शेजाऱ्यालाही फुकट मैफल. गुलमंडीच्या बाजारातलं गिऱ्हाईक तरीही आधी विचारणार, ‘बास किती?’