नुसत्या बारकोडवर फळमाशी ओळखू नका

हापूस कापल्यावर वळवळणारी पांढरी, बिनपायांची अळी नेमकी कोणत्या फळमाशीची, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे जवळजवळ अशक्य. कोकणातल्या बागेत मिथाइल युजेनॉलच्या वासाने सापळ्यात आलेले नर तरी ओळखता येतात. ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’च्या पंखाच्या पुढच्या कडेला अखंड काळपट पट्टी असते, ‘झोनाटा’ची पट्टी तुटक, टोकाशी तेवढा एक डाग. अळीला पंखच नाहीत, आणि निर्यातीच्या पेटीत सापडते ती अळीच. २०१४ च्या १ मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंबा रोखला होता, तो फळमाशीमुळेच.

म्हणून डीएनए तपासणी हवीच. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ‘डीएनए बारकोड’ची कल्पना मांडली. सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधी नोंदवलेल्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. डॉर्सालिस आणि झोनाटा यांचा निवाडा त्यावर सहज होतो.

डॉर्सालिसच्या सख्ख्या भावकीत मात्र हा तुकडा दगा देतो. ‘कॅरम्बोली’ ही वेगळी जात, पण तिचा बारकोड डॉर्सालिसपासून स्पष्टपणे वेगळा काढता येत नाही.

उलट गफलतही झाली आहे. २००३ मध्ये केनियात सापडलेल्या माशीला २००५ मध्ये ‘इन्व्हेडन्स’ ही नवी जात ठरवण्यात आले आणि त्या नावाच्या धास्तीने आफ्रिकेतल्या फळांच्या निर्यातीवर निर्बंध आले. पुढे अनेक देशांच्या संशोधकांनी डीएनएबरोबर पंखांची ठेवण, नरांचे गंध आणि मुख्य म्हणजे परस्परांतले मीलन तपासले. २०१५ मध्ये निकाल लागला: इन्व्हेडन्स म्हणजे डॉर्सालिसच! कॅरम्बोलीचे वेगळेपण मात्र याच कसोट्यांवर टिकले.

म्हणजे बारकोडला जाणकार नजरेची जोड हवी; पण आपल्याकडे डीएनए वाचणाऱ्या यंत्रांसाठी पैसा मंजूर होतो. माश्या ओळखणारा माणूस घडवायला वर्षे लागतात, त्याची तरतूद कोण करणार? संदर्भसंग्रहातली नोंदच चुकीच्या नावाने झाली असेल, तर महागडे यंत्रही तीच चूक छापून देईल. कोकणातल्या प्रत्येक आंबा तालुक्यातून माश्या गोळा व्हाव्यात, जाणकाराने त्यांची ओळख पटवावी, मग त्यांचे एकाहून अधिक जनुकांचे तुकडे वाचावेत आणि ज्या माशीचा डीएनए घेतला ती माशी टाचणीला लावून, गाव-तारखेच्या चिठ्ठीसह जपावी. या कामाला कृषी विद्यापीठात कायमस्वरूपी पदे हवीत, आणि ती पुढच्या हंगामाआधी भरली जावीत.