तुवालू पेणपासून किती लांब?

स्पर्धा परीक्षेसाठी प्रशांत महासागरातले देश पाठ करताना तुवालूपाशी कुणी थांबत नाही. नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, साधारण ११ हजार माणसं, राजधानी फुनाफुटी, १९७८मध्ये ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य. एका मार्काचा प्रश्न, संपलं! पण तुमचं गाव पेण-रोह्याच्या खाडीकाठी असेल, तर इथे जरा थांबा.

या देशातली सगळ्यात उंच जागा पाच मीटरहूनही कमी आहे. नदी नाही, डोंगर नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच प्यायचं. तिथे पुलाका नावाचा, आपल्या अळूच्या कुळातला कंद खातात. जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणून तो लावतात. आता त्या खड्ड्यांत खारं पाणी शिरतंय. राजधानीत मोकळी जागा इतकी कमी की, विमान नसतं तेव्हा पोरं संध्याकाळी धावपट्टीवरच खेळतात.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या खारेपाटातही चहूकडे पाणी आणि प्यायला मात्र टँकरची वाट. इथली भातशेती खाडीला बांध घालून मिळवलेली. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे तंत्र आपल्या आज्या-पणज्यांनी चिखलात उभं राहून सांभाळलं. उधाणात बांधाला खांड गेली की हातचं पीक जातंच, शिवाय जमिनीतलं मीठ लवकर निघत नाही. खांड वेळेत बांधली नाही तर शेतात तिवरं उगवतात. तिवरांचा दोष नाही, किनारा तीच राखतात. पण एकदा का त्यांना कांदळवन म्हणून संरक्षण मिळालं की, सातबाऱ्यावर नाव असूनही आपल्याच शेतात बांध घालायची पंचाईत.

तुवालू मात्र गप्प बसला नाही. २०२१मध्ये त्यांचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून जगापुढे भाषण केलं. पुढच्याच वर्षी देशाची बेटं, संस्कृती डिजिटल रूपात जपायचं त्यांनी जाहीर केलं. २०२३मध्ये राज्यघटनेत लिहून टाकलं, जमीन गेली तरी देश राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला. त्याचं नाव ‘फालेपिली’, म्हणजे आपल्या भाषेत शेजारधर्म. त्यातून दरवर्षी २८० जणांना तिथे कायमचं राहता येईल. २०२५च्या पहिल्या सोडतीत कुटुंबांसह ८ हजारांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. ज्यांनी जगापुढे आवाज उठवला, त्यांनाही पोराबाळांची काळजी आहेच.

खारेपाटातली पोरंही निघालीच आहेत, पनवेलला, नवी मुंबईला. पोटासाठी जाण्यात चूक काहीच नाही. पण आपण कुठल्या करारावाचून, कुठल्या नोंदीवाचून जातो. कुठली खांड कधी गेली, किती शेतं खारी झाली, हे फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरतं. वरून आपण सगळं खापर समुद्रावर फोडतो. समुद्र चढतोय, हे खरं. पण बांधाची डागडुजी उन्हाळ्यात झाली नाही, उघाडीची झडप मोडून पडली, हे काही हवामानबदलाने केलेलं नाही. तुवालूकडे खाडी अडवायला आपल्यासारखी बंदिस्ती नाही. आपल्याकडे ती आहे, १९७९चा खारजमीन विकास कायदाही आहे. तरी आपणच हरल्यासारखे वागतो, याचा मला राग येतो.

म्हणून एक सांगणं आहे. या सुट्टीत आजोबांना घेऊन बांधावर जा. कुठल्या शेताला काय म्हणतात, उघाडी कुठे, पहिली खांड कुठे गेली, ते विचारा आणि लिहून घ्या. मोठ्या उधाणाच्या दिवशी तारखेसह फोटो काढा. मग ते सगळं ग्रामसभेत मांडा, बांधाच्या दुरुस्तीचा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या. ११ हजारांचा देश आपलं म्हणणं जगाला ऐकवू शकतो. आपल्याला तर फक्त तालुक्यापर्यंत जायचंय.